एकतिसाव्या भागातला खवल्या

३ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललं की 'ओरडतोस कशाला' म्हणून तुम्ही फोन ठेवता. म्हणून पत्र.

'कक्षेबाहेर' मालिकेला येत्या ऑगस्टात चाळीस वर्षं पूर्ण होतात. त्यानिमित्त वाहिनी एक पुस्तिका काढते आहे. सगळ्या बावन्न भागांची नोंद त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे आहे. तेव्हा काम माझ्याकडे द्यावंच लागलं. त्यांच्या कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "आपण कुठल्या कॉलेजात शिकवता?" मी म्हटलं, लिफ्ट दुरुस्त करतो. त्या पुन्हा आपल्या फायलीकडे वळल्या. मग मी त्यांच्याच जाहिरातीतल्या चार चुका दाखवल्या, तेव्हा चहा आला.

तुमच्या भूमिकांची यादी सोबत जोडली आहे. माझ्या नोंदीप्रमाणे तुम्ही अडतीस भागांत आहात, भूमिका तेवीस. त्यातल्या एकवीस भूमिकांत तोंड झाकलेलं आहे. चेहरा दिसतो अशा फक्त दोन, आणि त्यातल्या एकीत तुम्ही बेशुद्ध आहात. कुठे चूक असेल तर लाल शाईने दुरुस्त करून पाठवा. पेन्सिल नको, पुसट होते.

आता मुख्य गोष्ट. वाहिनीने प्रेक्षकांना सर्वांत आवडता प्रसंग विचारला होता. पहिला आला तो एकतिसाव्या भागातला खवल्याचा निरोप. परग्रहावरची छावणी रिकामी झालेली आहे, माणसं यानात बसून गेली आहेत, आणि तुमचा तो परग्रहवासी खवल्या एकटाच कप्तानाच्या खुर्चीत मिनिटभर बसून निघून जातो. एक शब्द नाही. वीस ऑगस्टला समारंभ आहे, त्यात तुम्हाला मानचिन्ह देणार आहेत. त्या प्रसंगावर पुस्तिकेत दोन पानं आहेत. तेव्हा तो कसा घडला ते सविस्तर कळवा. मोघम नको.

आई बरी आहे. गुडघे सोडून.

आपला,
भाचा


११ जून

चि. भाच्यास अनेक आशीर्वाद.

तुझी यादी वाचली. सतराव्या भागात तू मला 'राक्षस क्र. २' केलं आहेस. मी राक्षस नव्हतो, परग्रहावरचा वकील होतो. शिंगं होती म्हणून काय झालं? आणि बेशुद्ध भूमिकेबद्दल थट्टा करू नकोस. कॅमेरा तोंडाजवळ असताना पापणी न हलवता पडून राहणं तुझ्या लिफ्टमधल्या लोकांना जमेल का बघ.

मानचिन्हाचं वाचून बरं वाटलं. बरं म्हणजे काय, चार वेळा वाचलं. खाली लाँड्रीवाला आहे, त्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "काका, तुम्ही टीव्हीत होता?" सात वर्षं त्याच्या डोक्यावर राहतोय.

आता सविस्तर. खवल्याचा पोशाख रबराचा, एकोणीस किलो. नाड्या पाठीला, त्या ताई बांधायची. तुझी आई पोशाख विभागात नसती तर मी पहिल्याच महिन्यात पळालो असतो. मुखवट्याला डोळे होते पण ते रंगवलेले. दिसायचं ते नाकपुड्यांतून, आणि तेही फक्त खालची दोन हात जमीन. म्हणून पावलं मोजायची. टेबलापासून दारापर्यंत अकरा. चौदा भागांत एकदाही दाराला धडकलो नाही, लिहून ठेव. एकदा मुखवटा चढला की बोलता यायचं नाही. हाताने खुणा करायच्या. तासाभराने बुटांतून घाम ओतून टाकायचा.

आणि तो प्रसंग. बसण्याआधी खवल्या हात मागे नेऊन पाठीमागचा पोशाख नीट करतो, मग हलकेच टेकतो. सगळे त्याच लकबीबद्दल बोलतात. कुणी लिहिलं की परक्या घरातला पाहुणा जसा जपून बसतो तसा तो बसला, कुणी आणखी काय काय. खरं सांगायचं तर दिग्दर्शक एवढंच म्हणाला होता, बसण्याआधी काहीतरी कर. मी आदल्या दिवशी खूप विचार केला होता. शेवटी सुचलं तसं केलं. अभिनय हा असाच असतो, मोजमाप काढून होत नाही. हे वाक्य पुस्तिकेत घातलंस तरी चालेल.

ताईला म्हणावं गुडघ्यांना शेक दे.

तुझा,
मामा


२४ जून

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

वकिलाची दुरुस्ती केली. वाक्य घातलेलं नाही, कारण एक अडचण आली आहे.

एकतिसावा भाग माझ्याकडे टेपवर आहे. तुमचं पत्र आल्यावर तो प्रसंग मी चौदा वेळा पाहिला. खवल्या टेबलापासून दारापर्यंत तेरा पावलं टाकतो, अकरा नाही. दुसरं, तो पोशाख नीट करतो ते डाव्या हाताने. लोकांच्या आग्रहामुळे खवल्याला अडतिसाव्या भागात परत आणलं, तिथेही ती लकब आहे, पण उजव्या हाताने. तुम्ही उजखुरे आहात. तिसरं, बाकीच्या तेरा भागांत खवल्या बसतो तेव्हा धपकन बसतो, खुर्ची मागे सरकते. एकतिसाव्यात ती जागची हलत नाही.

लिफ्टचा दोर झिजला की आवाज बदलतो. बाकीच्यांना तो ऐकू येत नाही, मला येतो. हे मला कुणी शिकवलेलं नाही. तसंच हे आहे. त्या दिवशी आत दुसरं कुणी होतं का?

राग मानू नये. नोंद चुकीची छापली गेली तर नाव माझं जाईल.

आपला,
भाचा


२९ जून

चि. भाच्यास,

त्या दिवशी टेबल सरकवलं होतं. म्हणून तेरा.

डाव्या हाताचं म्हणशील तर उजवा खांदा दुखत होता. नटाने हात बदलला तर त्याची चौकशी बसवायची असते हे मला ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं लाखो लोकांनी तो प्रसंग पाहिला, कुणाला काही खुपलं नाही. तूच एक निघालास, तोही घरातला.

समारंभासाठी कोट धुवायला टाकला आहे.

मामा


१४ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

टेबल सरकवलेलं नव्हतं. छावणीची जमीन लोखंडी चौकटींची होती. टेबल आणि दार यांच्यामध्ये आठ चौकटी सगळ्या भागांत आहेत, एकतिसाव्यातही. मी पडद्यावर पट्टी धरून पाहिलं.

त्यानंतर मी तीन ठिकाणी जाऊन आलो. निर्मिती व्यवस्थापकांकडे हजेरीचे कागद मिळाले. त्या दिवशी तुमची सही सकाळी आहे आणि दुपारी नाही. दिवे लावणारे गृहस्थ आता मुलीकडे राहतात. ते म्हणाले, खवल्या आत आला तेव्हा त्याने त्यांच्या दिशेने मान हलवली नाही, एरवी न चुकता हलवायचा. मग मी उडीवाल्यांकडे गेलो. मालिकेत उंचावरून पडायचं काम तेच करत. उंची तुमच्याएवढी, आणि डावखुरे.

मी विचारलं, "एकतिसाव्या भागात खवल्याच्या पोशाखात तुम्ही होता का?"

"हो तर! मीच होतो. काय उडी मारली होती, आठवतंय ना?"

"त्या प्रसंगात उडी नाही. खवल्या खुर्चीत बसतो."

"तेच तर. उडी मारली आणि बसलो. समारंभ किती तारखेला आहे म्हणालात?"

वयामुळे त्यांच्या मनात प्रसंगांची सरमिसळ झाली असावी. पण हात जुळतो, उंची जुळते आणि माणूस स्वतः हो म्हणतो. पुस्तिका पंचवीस जुलैला छपाईला जायची होती, ती मी अठ्ठावीसपर्यंत थांबवून घेतली आहे. तुमच्याकडून वेगळी माहिती आली नाही, तर एकतिसाव्या भागासमोर उडीवाल्यांचं नाव लिहावं लागेल. मानचिन्हही मग त्यांनाच जाईल.

मला हे लिहिताना बरं वाटत नाही. पण बरं वाटणं हा नोंदीचा निकष नव्हे.

आपला,
भाचा


१८ जुलै

चि. भाच्यास,

त्या उडीवाल्याचं नाव लिहू नकोस. त्याला उद्या विचारलंस तर यानसुद्धा मीच होतो म्हणेल.

तुझी पावलं बरोबर आहेत. आत मी नव्हतो.

त्या दिवशी सकाळी सही करून मी मागच्या दाराने निघालो. एका सिनेमात पोस्टमास्तरचं काम होतं. तोंड उघडं, सहा प्रसंग. मालिकेचा करार असताना दुसरीकडे जायला बंदी होती, आणि दुपारी खवल्याचं चित्रण होतं. मी ताईला म्हटलं, बारापर्यंत येतो. तिथे बाकावर अडीच तास बसवलं. आत बोलावलं, तीन वाक्यं म्हणायला लावली, चेहरा डावीकडून उजवीकडून पाहिला. तिथला माणूस दुसऱ्याला म्हणाला, "चेहरा बरा आहे, पण लक्षात राहत नाही." माझ्यासमोर म्हणाला, वाईट हेतूने नाही. वजन सांगावं तसं.

परत आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. पोशाखाच्या खोलीत खवल्या टेबलावर उपडा पडलेला, अजून ओला. ताई यंत्रापाशी बसलेली, केस ओले, तोंड लाल. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "बस आधी. सांगते." सांगायच्या आत दार उघडून दिग्दर्शक आला. त्याने माझे दोन्ही हात धरले. सोडेचना. मी ताईकडे पाहिलं, ती सुईत दोरा ओवत होती. तेव्हा मला समजलं. मी दिग्दर्शकाला म्हणालो, "सुचलं तसं केलं." एवढेच तीन शब्द. बाकी सगळं त्यांवर उभं आहे.

नंतर तिने सांगितलं. पोशाख तिने स्वतःच्या अंगावर मापून शिवला होता, कारण आमची उंची एक आणि मी मापाला कधी वेळेवर जायचो नाही. बाराला मी आलो नाही, तेव्हा तीच आत शिरली. नाड्या इस्त्रीवालीने बांधल्या, ती आता नाही. आणि ती लकब म्हणजे पाठीची शिवण सकाळी उसवली होती, ताईने नुसते कच्चे टाके घातले होते. बसताना फाटेल म्हणून तिने हाताने धरली. परक्या घरातला पाहुणा वगैरे काही नाही.

सांगितलं असतं तर तेव्हा दोघांची नोकरी गेली असती. हे दोन वर्षं खरं होतं. मग मालिका संपली. त्यानंतरची अडतीस वर्षं माझ्या खात्यावर.

एक गोष्ट मात्र तुलाही विचारतो. दिवेवाल्याकडे गेलास, व्यवस्थापकाकडे गेलास, त्या बढाईखोराकडे गेलास. घरात बसलेल्या बाईला का विचारलं नाहीस? ती डावखुरी आहे हे तिच्या हातचं जेवताना पन्नास वर्षांत दिसलं नाही?

मामा


२३ जुलै

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

माझ्या मुलाखतींच्या यादीत नट होते, तंत्रज्ञ होते, दोन चालकसुद्धा होते. पोशाख विभागातलं कुणी नव्हतं. शिवणारी माणसं काय सांगणार, असं मी धरून चाललो होतो. मला कचेरीतल्या बाईंनी 'कुठे शिकवता' म्हणून विचारलं त्याचा राग आला होता. तो आता मागे घ्यावा लागतो आहे.

तुमचं पत्र आलं तेव्हा आई शेजाऱ्यांच्या पँटची लांबी कमी करत होती. मी विचारलं, "एकतिसाव्या भागात खवल्या तू होतीस?"

"पत्रात काय लिहिलंय त्याने?"

"तू होतीस असं लिहिलंय."

"मग विचारतोस कशाला? कात्री दे."

"आई, तू मला कधी सांगितलं का नाहीस? मी वीस वर्षं ही नोंद करतोय."

"तू विचारलंस कुठे? तू नेहमी येऊन मलाच सांगायचास, कुठल्या भागात काय आहे ते. मी म्हटलं, आवड आहे पोराला, ऐकावं."

मग मी तिला यादी वाचून दाखवली. तिने सगळी ऐकली, बावन्नच्या बावन्न भाग. म्हणाली, "पोशाख कुणी शिवले ते कुठे आहे?" मी दाखवलं. प्रत्येक भागाखाली 'पोशाख विभाग' असं छापलेलं आहे. ती म्हणाली, "विभाग कुणी शिवतो का? एक्केचाळीस पोशाख मी केले. वकिलाची शिंगं तीन वेळा केली, तुझा मामा दारात अडकून मोडायचा. ते लिही आधी. आणि खुर्चीत बसले त्याचं काय एवढं? बाहेर दुसरा पोशाख अर्धा पडला होता, म्हणून घाईत बसले आणि उठले."

पोशाखांची नोंद मी दुरुस्त केली आहे. प्रत्येक भागाखाली तिचं नाव आहे. पण एकतिसाव्या भागात खवल्यासमोर कुणाचं नाव, हे ती सांगत नाही. "ते त्याचं त्याला विचार," म्हणाली.

म्हणून ते पान सोबत पाठवतो. चौकोन रिकामा आहे. तुम्ही भराल ते छापलं जाईल, मी एक अक्षर बदलणार नाही. माझ्या आयुष्यात मी असं कबूल करायची ही पहिलीच वेळ. अठ्ठावीसच्या सकाळी कागद माझ्या हातात हवा.

आपला,
भाचा


२५ जुलै

चि. भाच्यास,

कागद सोबत आहे. लाँड्रीवाल्याचा भाऊ तुमच्याकडेच येतोय, त्याच्या हाती देतो.

चौकोनात ताईचं पूर्ण नाव लिहिलं आहे. आधी माझं लिहिलं होतं, ते खोडलं. खाडाखोड तुला चालत नाही, पण दुसरा कागद नव्हता. आता खवल्याचे माझे तेरा भाग उरतात. ते नीट मोजून छाप.

समारंभाला मी जाईन. वर उभं राहून सांगावं लागेल, पुस्तिकेच्या कोपऱ्यात लिहून भागणार नाही.

मामा


२२ ऑगस्ट

चि. भाच्यास,

तू का आला नाहीस ते कळलं. लिफ्टमध्ये पाच माणसं अडकलेली असताना तू समारंभाला आला असतास तर मीच हाकललं असतं. ताई गुडघ्यांमुळे आली नाही. तेव्हा काय झालं ते मलाच सांगायला हवं.

वाहिनीच्या व्यवस्थापकाला मी आधीच गाठलं. म्हटलं, मानचिन्ह चुकीच्या माणसाला देताय, पुस्तिका उघडून बघा. तो म्हणाला, "काका, नाव कोरून झालंय, आता बदलता येत नाही. आणि कुणाला कळतंय?" मी म्हटलं, मला कळतंय. तोवर माझं नाव पुकारलं.

पडद्यावर तो प्रसंग दाखवला. मी तो प्रथमच अनोळखी लोकांत बसून पाहिला. नंतर माझ्या हातात मानचिन्ह दिलं, आणि मी माईकसमोर म्हणालो, "यात मी नाही. ही माझी बहीण आहे. पोशाख तिने शिवला, आणि आतही तीच होती."

आधी हशा झाला. मग टाळ्या. मी पुन्हा सांगितलं, जरा आवाज चढवून. टाळ्या वाढल्या. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. सूत्रसंचालन करणारी मुलगी डोळे पुसत म्हणाली, "एवढा मोठा कलावंत, आणि सगळं श्रेय बहिणीला देतोय! अशी माणसं आता कुठे?" पुढच्या रांगेत उडीवाला बसला होता. तो सर्वांत जोरात टाळ्या वाजवत होता.

चाळीस वर्षं खोटं बोललो, कुणी शंका घेतली नाही. खरं बोललो तर तो अभिनय ठरला. माझा सर्वांत चांगला अभिनय, असं दोघांनी जाता जाता सांगितलं.

मामा


१२ सप्टेंबर

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पुस्तिका खपली. तिच्याबद्दल आतापर्यंत सतरा पत्रं आली आहेत. सतराही जण लिहितात की एकतिसाव्या भागात गंभीर मुद्रणदोष आहे, खवल्यासमोर शिवणकाम करणाऱ्या बाईचं नाव चुकून पडलं आहे. एका गृहस्थांनी तर मला सल्ला दिला आहे की असली कामं जाणकारांवर सोपवावीत.

मी सर्वांना पावलं, चौकटी आणि हात यांचा तपशील देऊन उत्तर लिहायला घेतलं आहे. पहिल्याचीच सहा पानं झाली. दुसऱ्या आवृत्तीत चूक दुरुस्त करू का, असं वाहिनीने विचारलं आहे. मी नाही म्हटलं आहे.

आपला,
भाचा


१६ सप्टेंबर

चि. भाच्यास,

ती सतरा पत्रं माझ्याकडे पाठव. सहा पानं कुणी वाचणार नाही. उत्तरं मी देतो. खोटं मी सांगितलं होतं, तेव्हा निस्तरायचंही मीच.

पण एक अडचण आहे. काल पहिलं उत्तर लिहायला बसलो. आत मी नव्हतो, हे एका ओळीत झालं. पुढे काय लिहू? लोक विचारणार, मग त्या बाईंना त्या वेळी काय वाटत होतं? त्या मिनिटाबद्दल मी इतक्या लोकांना इतकं सांगितलं, की मी काय विचार केला, मला काय सुचलं. ताईला मात्र एकदाही विचारलं नाही. तुझ्यावर मी तोंड टाकलं, पण मीही त्याच रांगेतला.

तिला विचारून कळव.

मामा


२१ सप्टेंबर

चि. छोट्यास आशीर्वाद.

तुझं पत्र मुलाने वाचून दाखवलं. उत्तर मीच लिहिते. तो लिहायला बसला की मध्येच थांबवून तारखा विचारतो.

आत उकडत होतं. रबराचा वास तुला माहीतच आहे. पावलं किती टाकायची ते मला कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून जमिनीकडे बघत बघत गेले. खुर्ची लागली, बसले. किती वेळ बसायचं तेही ठाऊक नव्हतं. तू घरी सांगायचास की दिग्दर्शक सारखा ओरडत असतो, हात खाली कर, वळ, पुढे हो. म्हटलं, तो ओरडेल तसं करू. तर कुणी काही बोलेचना. एवढी पंचवीस-तीस माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, ओळखलं आपल्याला. आता याची नोकरी गेली, माझी गेली, आणि घरी काय सांगायचं. मग म्हटलं, इथे बसून तरी काय होणार आहे, आणि उठून दाराबाहेर पडले. मागून कुणी हाकही मारली नाही, तेव्हा तर खात्रीच झाली.

इस्त्रीवालीने नाड्या सोडल्या. मी तोंडावर पाणी घेतलं आणि यंत्रापाशी बसून राहिले, कुणीतरी येऊन 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणेल म्हणून. तेवढ्यात तू आलास. तुझ्यामागून दिग्दर्शक आला आणि तुझे हात धरून उभा राहिला.

तेव्हा मला कळलं, ते सगळे का गप्प होते.

तुझी,
ताई